किल्ल्याला तारीख कशी कळते?

दर वर्षी डिसेंबर संपता संपता आमच्या बँकेकडून प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक डायरी मिळते. मॅनेजरांना जाड पुठ्ठ्याची, आम्हा कारकुनांना पातळ पुठ्ठ्याची. एक जानेवारीला मी मोठ्या निर्धारानं पहिलं पान उघडतो आणि लिहितो, 'आज पहाटे पाचला उठलो. आता रोज उठणार.' दुसऱ्या पानावर 'आज जरा उशीर झाला' एवढंच असतं. तिसऱ्या पानापासून डायरीचा ताबा आमच्या सौ.कडे जातो आणि तिच्यात दुधाचे खाडे, गॅसच्या टाकीच्या तारखा आणि किराण्याची यादी सुरू होते. उद्या या डायऱ्या एखाद्या इतिहास संशोधकाच्या हाती लागल्या, तर एकविसाव्या शतकातला कारकून वर्षातून फक्त दोन दिवस जगत असे आणि उरलेले दिवस दूध पीत असे, असा निष्कर्ष तो काढील, आणि त्यात फारसं चूक काही नसेल.

असा हा मनुष्य दुसऱ्यांच्या मुलांना डायरी लिहायला शिकवायला निघाला, याला दैवाची थट्टा म्हणायचं, की धर्मापुरीच्या गुरुजींचा भाबडेपणा, हे वाचकांनीच ठरवावं.

धर्मापुरीला माझी बदली झाली तेव्हा प्रथम गोंधळच उडाला. धर्मापुरी म्हटलं की शिकलेल्या माणसाला तमिळनाडूतला जिल्हा आठवतो, आणि तीर्थयात्रा केलेल्याला तेलंगणातलं गोदाकाठचं क्षेत्र. माझ्या आत्यानं 'तुला रोज इडली सोसेल का रे?' अशी काळजी फोनवर केली. शेवटी मी सर्वांना समजावलं, की ही धर्मापुरी आपल्याच बीड जिल्ह्यातली, परळी-अंबाजोगाईच्या बाजूची. इथं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ आहे, एक भुईकोट किल्ला आहे, आणि आता एक मी आहे. यांपैकी पहिली दोन पाहायला लोक लांबून येतात.

इथल्या शाळेतले मराठीचे गुरुजी आमचे खातेदार. एकदा पासबुक भरून घेताना ते म्हणाले, "साहेब, तुम्ही लेखक आहात म्हणं?"

माझे दोन लेख दिवाळी अंकांकडे गेले होते. पैकी एक छापून आला, त्याचं मानधन आलं नाही. दुसरा छापून आला नाही, पण तो परत मात्र आला. एवढ्या भांडवलावर मी "थोडंफार" असं म्हणालो.

"मग एक काम करा. पोरांना आत्मकथन लिहायचं असतंय. दहावीच्या पेपरापर्यंत ते पाठ सोडत नाही. पण समदी गाईड पाहून लिहायलेत. मी म्हणतो, आत्मकथन राहू द्या, त्यांना रोजनिशी लिहायला लावू. कुणाची तरी सोंग घेऊन. तुम्ही दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मोकळेच असता."

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात ही गोष्ट सरकारनं जाहीर करायला नको होती, असं मला कैकदा वाटतं. पण सातवीच्या त्याच वर्गात आमचे चिरंजीवही होते. त्यामुळे नाही म्हणता येईना.

पहिल्या शनिवारी मी वर्गात गेलो आणि सवयीनं फळ्यावर लिहिलं, 'पडक्या किल्ल्याचे मनोगत'. दुसरं काही सुचलंच नाही. हा निबंध माझ्या वडिलांनी लिहिला होता, मी लिहिला होता. मराठी मुलुखात आजवर जेवढे किल्ले बांधले गेले, त्यांच्या किती तरी पट पडक्या किल्ल्यांची मनोगतं लिहिली गेली असतील. आणि किल्ला एकटा नाही, त्याचं मोठं गणगोत आहे. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, म्हाताऱ्या बैलाचं आत्मवृत्त, जखमी सैनिकाचं, वठलेल्या झाडाचं, तुटक्या छत्रीचं. जरा विचार केला तर असं दिसेल, की मराठी निबंधात धडधाकट वस्तूला बोलायची परवानगीच नाही. आधी मोडा, फाटा, वठा, आणि मग तोंड उघडा.

अर्ध्या तासानं तीसएक वह्या माझ्यापुढं आल्या. सगळे किल्ले एकाच गाईडमध्ये जन्मले होते. प्रत्येक किल्ला 'सह्याद्रीच्या उत्तुंग कड्यावर' उभा होता, प्रत्येकानं 'मावळ्यांच्या टापांचा खणखणाट' ऐकला होता, आणि प्रत्येकाच्या 'अंगाखांद्यावर आता रानवेली वाढल्या' होत्या. आता धर्मापुरीपासून सह्याद्रीचा कडा म्हणजे एस. टी.नं जायचं तर बरोबर जेवणाचा डबा घ्यावा लागतो. आणि खरा किल्ला शाळेपासून हाकेच्या अंतरावर! मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याच सावलीत खेळतात. पण गाईडमध्ये तो किल्ला नव्हता, म्हणून वहीतही नव्हता.

मी म्हणालो, "हे सगळं पुसा. आता असं करा, हाच किल्ला रोज रात्री डायरी लिहितो असं समजा. वर तारीख घाला आणि लिहा."

मागच्या बाकावरून एक हात वर आला. तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी होती. "सर, किल्ल्याला तारीख कशी कळते?"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण उत्तर येत नसलं की हसावं, हे काउंटरवर बसून मी शिकलोय. पण घरी आलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

आता माझं शिक्षण बी. कॉम. इतिहासाशी माझा संबंध फार तर थकलेल्या कर्जांपुरता. तरी विचार करता करता लक्षात आलं, की रोजनिशी या प्रकरणात आम्हा हिशेबी मंडळींचा हक्क साहित्यिकांच्या आधीचा आहे. 'रोजकीर्द' हा शब्द आमचाच. दिवसभरात काय आलं, काय गेलं, कोणाला काय हुकूम झाला, ते त्या त्या दिवशी लिहायचं, म्हणजे रोजकीर्द. हेमाडपंतांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांमध्ये दप्तर कसं ठेवावं याचे नियम असत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल आहेत, आणि गणेश चिमाजी वाड यांनी त्यातून निवडून जे उतारे काढले, ते 'पेशव्यांच्या रोजनिश्या' म्हणूनच ओळखले जातात. त्यांत 'आज मन उदास आहे' वगैरे काही नाही. अमक्याला इनाम, तमक्याला माफी, हत्तीच्या चाऱ्याला इतके. पण वाचणाऱ्याला त्यात राज्य चालताना दिसतं.

रोजकीर्द लिहिली की तिच्यावरून खतावणी करायची, आणि वर्षअखेरीस ताळेबंद काढायचा. कॉलेजात हे तीन शब्द शिकायला मी तीन वर्षं घालवली आणि त्यांचा असा उपयोग होईल, हे माझ्या प्राध्यापकांनाही वाटलं नसेल. कारण त्या रात्री मला एकदम कळलं, की आत्मवृत्त म्हणजे ताळेबंद, आणि रोजनिशी म्हणजे रोजकीर्द. ताळेबंद काढणाऱ्याला वर्ष कसं गेलं ते ठाऊक असतं. नफा झाला की तोटा, हे पाहूनच तो चष्मा पुसतो. पडक्या किल्ल्याला आपण पडणार हे पहिल्या ओळीपासून माहीत असतं, म्हणून तो पहिल्या ओळीपासून रडतो. पण रोजकीर्द लिहिणाऱ्याला आजची शिल्लक तेवढी कळते. उद्या काउंटरवर कोण येईल, पैसे भरायला येईल की बुडवायला, याचा त्याला पत्ता नसतो.

याचा दाखला आमच्याच धंद्यातल्या एका थोर पुरुषानं देऊन ठेवला आहे. नाना फडणीस. फडणिशी म्हणजे दप्तराचं आणि हिशेबाचं काम, तेव्हा नाना आमचे पूर्वजच. (आमच्या शाखेत हे मी बोलून दाखवलं तेव्हा शिपाई म्हणाला, "मग साडेतीन शहाण्यांत तुमचा नंबर कितवा?") १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झालं तेव्हा नाना पुरते एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई आणि बायको बरोबर होती. रणातून ते स्वतः कसेबसे निसटले, बायको वाचली, आई गेली ती गेलीच. हे त्यांनी पुढं आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ते लिहिणाऱ्या नानांना पानिपत काय झालं ते माहीत होतं. पण १३ जानेवारीच्या रात्री, त्या छावणीत, अठरा वर्षांच्या पोराला काय माहीत होतं? उपासमार, थंडी, आईचं कण्हणं, आणि उद्या काही तरी होणार एवढंच. मुलांना इतिहास शिकवताना आपण नेहमी १५ तारखेला उभे राहून बोलतो. १३ तारखेला उभं राहून पाहा म्हणावं, तर मुलं तर सोडाच, मास्तरही गांगरतील.

पुढच्या शनिवारी मी वर्ग घेऊन सरळ किल्ल्यात गेलो. मी नवखा असल्यामुळे मुलं मला किल्ला दाखवत होती, आणि मी मोठा असल्यामुळे मी त्यांना दाखवतोय असा आव आणत होतो. हा किल्ला एका बाबतीत मोठा गमतीचा आहे. त्याच्या तटांत जुन्या देवळांचे दगड आहेत. साध्या चिऱ्यांच्या मध्येच एखादा नक्षीचा तुकडा, कुठं खांबाचा भाग, कुठं एखादं शिल्प. ज्यानं कोरला त्यानं देवळासाठी कोरला, ज्यानं बसवला त्यानं तटासाठी बसवला, आणि दगडाला कोणी विचारलं नाही. बदलीच्या नोकरीत असलेल्या मला त्या दगडांबद्दल फार आपुलकी वाटली.

तिथून केदारेश्वराच्या देवळाकडं गेलो. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी आहेत. मुलांना म्हटलं, "अशीच एक सुरसुंदरी इथून पुढं, कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या जलसंगवीच्या देवळावर आहे. ती उभी राहून लिहितेय. आणि तिनं लिहिलेली अक्षरं आजही वाचता येतात."

"काय लिहिलंय?" वेणीवाल्या मुलीनं विचारलं.

"चालुक्यांच्या विक्रमादित्य राजाची स्तुती. त्यानं १०७६ ते ११२६ पर्यंत, पन्नास वर्षं राज्य केलं."

"आणि तिचं स्वतःचं?"

"तिचं स्वतःचं काही नाही."

"मग कशाला लिहिती?" असं म्हणून ती पुढं गेली. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मी देवळाच्या शिखराकडं पाहिलं.

पारावर बसून मी मुलांना रोजनिशीचे चार नियम सांगितले. पहिला, ज्याचं सोंग घ्याल त्याला जे दिसतं आणि जे कळतं, तेवढंच लिहायचं. किल्ल्याला तारीख कळत नसेल तर लिहू नका. 'आज पुन्हा थंडी पडली' म्हणा. दुसरा, उद्याचं काही माहीत नाही असं समजून लिहायचं. तिसरा, कोणाचीही स्तुती करायची नाही, राजाची नाही आणि हेडमास्तरांचीही नाही. चौथा नियम माझा खास, कारकुनी. रोज निदान एक आकडा आला पाहिजे. खर्च, वजन, खेपा, पावलं, काही चालेल. आकडा लिहायचा म्हटलं की मनुष्य आपोआप नीट बघतो, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

एका मुलानं शंका काढली, "पण सर, हे खोटं लिहिणंच झालं की."

शंका रास्त होती. मी त्याला डॅनिएल डिफो या इंग्रज गृहस्थाची गोष्ट सांगितली. हा आधी व्यापारी होता आणि १६९२ साली त्याचं दिवाळं निघालं. म्हणजे बँकेच्या भाषेत थकबाकीदार. पुढं त्यानं लंडनच्या १६६५ च्या प्लेगवर एका माणसाची रोजनिशी १७२२ मध्ये प्रसिद्ध केली. प्लेगच्या वेळी हा स्वतः जेमतेम पाच वर्षांचा. पण आळीआळीतल्या मृतांचे आकडे त्यानं असे घातले, की पुष्कळ दिवस लोकांना ती खरीच वाटली. याच माणसानं त्याआधी, १७१९ मध्ये, रॉबिन्सन क्रूसो लिहिला. क्रूसो ओसाड बेटावर एकटा पडतो तेव्हा काय करतो? कागदाला मधे रेघ मारून, डाव्या बाजूला काय वाईट झालं आणि उजव्या बाजूला काय चांगलं, असा जमाखर्च मांडतो! मग रोजनिशी धरतो, आणि शाई संपल्यावर ती बंद पडते. माझी शाई न संपताच बंद पडते, एवढाच आमच्या दोघांत फरक.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जवळचं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. ती सगळी यमू नावाच्या बाईच्या तोंडची. पंचविशी उलटलेल्या पुणेरी पुरुषानं, लहानपणी लग्न झालेल्या आणि पुढं विधवा झालेल्या बाईच्या जागी बसून लिहायचं, हे त्या काळी साधं धाडस नव्हतं. आणि साने गुरुजी? त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा स्वतःचंच बालपण श्याम नावाच्या मुलाला देऊन टाकलं. कधी कधी मनुष्याला स्वतःचं खरं सांगायलाही दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं. तेव्हा सोंग घेणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सोंग घेऊन गाईड पाहणं, हे मात्र खोटं.

हे भाषण मुलांना कितपत कळलं कोण जाणे. पण पुढच्या खेपेला वह्या आल्या त्या निराळ्या होत्या. एकानं तटातल्या दगडाची रोजनिशी लिहिली होती. 'आज मला उलटा बसवला. आता सगळी माणसं डोक्यावर चालायलेत. आकडा : माझ्यावर अजून चार दगड ठेवले.' एवढीच नोंद. साठ-सत्तर वर्षांची सगळी पडक्या किल्ल्यांची मनोगतं एका पारड्यात घाला आणि हा उलटा दगड दुसऱ्या पारड्यात. मी दगडाच्या बाजूनं.

आमच्या चिरंजीवांनी बँकेतल्या कारकुनाचं सोंग घेतलं होतं. घरातल्या घरात केलेली ही चोरी मी उघड करतो आहे. 'सोमवार. आज साहेब रागावले. घरी सांगितलं नाही. घरी आल्यावर मीच रागावलो. आकडा : दोन वेळा.' मंगळवारी : 'आज लेख लिहायला बसलो. बायको म्हणाली, दळण आणा. आकडा : आठ किलो.' ही वही सौ.नं मोठ्यानं वाचली, एकदा नव्हे, तीनदा, आणि शेजारणीला बोलावून चौथ्यांदा. चिरंजीवांना मी रागावणार होतो, पण मग त्या दिवशीचा आकडा तीन झाला असता.

वेणीवाल्या मुलीनं सोंग घेतलं होतं तिच्या आईचं.

इथं वाचकांना थोडं सांगायला हवं. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ओस पडू लागतात. लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला, पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून आधी 'उचल' घ्यायची आणि मग ऊस तोडून ती फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. दोन माणसं आणि हिशेबात नग एक! आमच्या बँकेत संयुक्त खातं असतं तिथंही नावं निदान दोन लिहितात. पोरांनाही बरोबर न्यावं लागतं. कुणी साखरशाळेत जातात, कुणी कुठंच जात नाहीत. काही गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली बाकं विरळ झाली होती, ती याच कारणानं. ही मुलगी गेल्या सालापर्यंत आईबरोबर जात होती. या साली पहिल्यांदाच आजीजवळ राहिली होती. त्यामुळे आईचा दिवस तिला तोंडपाठ होता.

तिच्या वहीत गाईडातलं एक अक्षर नव्हतं. 'अंधारातच उठले. भाकरी थापल्या. आकडा : नऊ.' 'आज पाल्यानं हात कापला. हळद लावली.' 'आज मोळ्या वाहिल्या. गाडीच्या खेपा : दोन.' आणि मग एक नोंद अशी होती : 'आज लेकीची आठवण आली नाही.'

गुरुजी म्हणाले, "हे जरा कसंसंच वाटतं. 'खूप आठवण आली' असं करायला सांगू का?"

मी त्या मुलीला बोलावून विचारलं, की आईला तुझी आठवण आली नाही असं का लिहिलंस?

ती म्हणाली, "आठवण आली तर टन कमी भरतंय, सर."

मी ती वही तशीच परत दिली. गुरुजीही काही बोलले नाहीत. त्या दिवशी मी घरी गेलो आणि चिरंजीवांचा अभ्यास घेताना एकदाही रागावलो नाही. आकडा : शून्य. चिरंजीवांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

पाडवा झाला. तोडणीहून माणसं परत आली आणि काउंटरवर गर्दी सुरू झाली. एके दिवशी दुपारी तीच मुलगी आईला घेऊन बँकेत आली. आईचं वय माझ्याहून कमीच, पण दिसत नव्हतं. मी शाईचा पॅड पुढं सरकवला. अंगठा उठवून तो डोक्याला पुसत बाई म्हणाली, "तुम्हीच का व्हय माझी डायरी लिव्हायला लावणारे साहेब?"

मी जरा दचकलो. दुसऱ्याची डायरी त्याच्या परवानगीशिवाय लिहिल्याबद्दल हरिभाऊंना कोणी जाब विचारायला आलं नव्हतं, कारण यमू काल्पनिक होती. इथं यमूच काउंटरवर येऊन उभी राहिली होती.

"लेकीनं समदी वाचून दावली. चांगलं लिव्हलंय. पर एक चूक हाय."

मला वाटलं, आली ती आठवणीची नोंद. मी म्हणालो, "हो, ते तिनं जरा—"

"त्या हात कापल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन खेपा न्हवत्या. एकच झाली. ट्रॅक्टर बंद पडला हुता. ते दुरुस्त करा म्हणलं हिला. खोटी खेप नगं. मुकादमाच्या वहीत कमी मांडत्यात, मग आपल्या वहीत आपण जास्त मांडून कसं हुईल?"

बँकेत आजवर पुष्कळ ऑडिटर येऊन गेले. एकानंही मला इतकं ताठ बसायला लावलं नव्हतं. पेशव्यांची रोजकीर्द पेशव्यांच्या कारकुनानं लिहिली. निजामाच्या राजवटीत, १९४८ पर्यंत, या मुलखाचं सरकारी दप्तर उर्दूत होतं आणि अंबाजोगाईचं नावसुद्धा कागदावर मोमिनाबाद होतं. हंगामाचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. या बाईच्या बाजूनं लिहिलेली वही आजवर कोणाकडंच नव्हती, आणि पहिली वही हातात आल्याबरोबर तिनं काय केलं? आपल्याच फायद्याची एक खेप कमी केली.

"आणि बाकीचं?" मी चाचरत विचारलं. "ते, आठवण आली नाही म्हणून लिहिलंय ते?"

बाईनं लेकीकडं पाहिलं. लेक बँकेच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"ते बराबर हाय," बाई म्हणाली. "त्या दिशी न्हाई आली. दुसऱ्या दिशी आली, लई आली. पर ते दुसऱ्या दिसाचं हाय. त्या दिशीच्या पानावर ते कसं लिव्हावं तिनं?"

नाना फडणिसांपासून डिफोपर्यंत सगळ्यांना वेठीला धरून जो नियम मी पारावर बसून अर्धा तास सांगितला होता, तो या बाईनं अंगठ्याची शाई पुसता पुसता एका वाक्यात सांगितला.

त्या मुलीनं तिथंच, माझ्या काउंटरवर, माझ्याच दोरी बांधलेल्या पेननं 'दोन' खोडून 'एक' लिहिलं. खाडाखोडीपुढं सही लागते, असं मी सवयीनं म्हणालो. ती म्हणाली, "कुणाची? माझी की आईची?" मी जरा विचार केला आणि पॅड पुन्हा पुढं सरकवला. बाईनं खोडलेल्या आकड्याशेजारी अंगठा उठवला आणि तिनं शेजारी आपलं नाव लिहिलं. नोंद अशी पक्की झाली, की आमच्या हेड ऑफिसलाही नाकारता येणार नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी सौ.कडून माझी डायरी मागून घेतली. तीन जानेवारीचं पान दुधाच्या हिशेबानं भरलं होतं, म्हणून एप्रिलातलंच पान उघडलं. वर तारीख घातली. बराच वेळ बसलो. मग लिहिलं, 'आज एका बाईनं माझी चूक काढली. चूक माझी नव्हती, तरी बरं वाटलं. आकडा : एक खेप.'

सौ.नं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "दुधाचा खाडा लिहायचा राहिला."

तोही लिहिला. खोटी खेप नको.